पासष्टीची रेघ कोणी आखली?

१३ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि प्रवासी विमानांच्या वैमानिकांची वयोमर्यादा साठवरून पासष्टवर गेली. कायदा पूर्वलक्षी नव्हता, त्यामुळे एक चमत्कारिक प्रकार घडला. ज्या कॅप्टनची साठी १२ डिसेंबरला भरली होती, तो घरी बसला. ज्याची १४ तारखेला भरणार होती, त्याला आणखी पाच वर्षं मिळाली. पहिल्याला परत यायचंच असेल, तर सगळी सीनिऑरिटी सोडून नवा उमेदवार म्हणून रांगेच्या शेवटी उभं राहावं लागणार होतं. या दोन दिवसांत दोघांच्या हृदयात, नजरेत किंवा हजारो तासांच्या अनुभवात काही फरक पडला असेल असं कोणीच म्हणणार नाही. तरीही एक जण असुरक्षित ठरला आणि दुसरा सुरक्षित.

भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मर्यादा पासष्टच आहे. ही झाली लायसन्सची मर्यादा. कंपनीच्या नोकरीतली निवृत्ती त्याआधीही असू शकते. एअर इंडियात बराच काळ वैमानिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत. २०२५ मध्ये कंपनीने ते वय पासष्टवर नेलं. जपानने २०१५ पासून, जादा तपासण्यांच्या अटीवर, सदुसष्टपर्यंत उडायची मुभा दिली आहे. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या देशांतर्गत नियमांत तर अशी सरसकट वयोमर्यादाच नाही. माणूस तोच, विमान तेच. देश, कंपनी आणि साल बदललं की त्याचं ‘वय झालं’ की नाही याचा निकाल बदलतो. मग या आकड्याला वैद्यकशास्त्राचा आधार किती आणि व्यवहाराचा किती?

साठ हा आकडा आला कुठून?

ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अ‍ॅमने बोइंग ७०७ सेवेत आणलं आणि अमेरिकेत जेट युग सुरू झालं. पंख्याच्या विमानांवर उमेदवारी केलेल्या ज्येष्ठ कॅप्टनना या नव्या, वेगवान विमानांचं प्रशिक्षण द्यायचं, तर वेळ आणि पैसा लागणार होता. तेवढ्यात त्यांची निवृत्ती आली तर तो खर्च वाया. अमेरिकन एअरलाइन्ससारख्या कंपन्यांनी वैमानिकांना साठाव्या वर्षी निवृत्त करायचं स्वतःच ठरवलं होतं. वैमानिकांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. मग १९५९ च्या सुरुवातीला अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी हवाई वाहतूक नियामक संस्थेचे, म्हणजे एफएएचे, प्रमुख एलवूड क्वेसाडा यांना साकडं घातलं. त्याच वर्षाच्या अखेरीस नियम आला आणि १५ मार्च १९६० पासून साठी ओलांडलेल्यांना प्रवासी विमानाच्या कॉकपिटची दारं बंद झाली. पुढे पद सोडल्यावर क्वेसाडा अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर गेले. वैमानिकांच्या मनात या नियमाविषयी जो राग पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्याचं मूळ इथे आहे.

पण नियमाचा जन्म संशयास्पद असला म्हणून नियम आपोआप चुकीचा ठरत नाही. एफएएने दिलेली कारणं दोन होती: वयाबरोबर शरीराच्या आणि मनाच्या क्षमता घटत जातात, आणि कोणाला केव्हा झटका येईल हे आधी सांगता येत नाही. अमेरिकी संसदेने या दाव्याची छाननी मागितली तेव्हा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या तज्ज्ञ समितीने १९८१ मध्ये मोठा मार्मिक निष्कर्ष काढला. साठ या आकड्याला वैद्यकीयदृष्ट्या खास असं महत्त्व नाही, हे समितीने मोकळेपणाने मान्य केलं. मात्र ज्यांची क्षमता ढासळू लागली आहे किंवा लवकरच ढासळणार आहे, नेमके तेवढेच वैमानिक वेगळे काढू शकेल अशी कोणतीही तपासणी आपल्याकडे नाही, हेही नोंदवलं. साहजिकच मर्यादा काढून टाकायची शिफारस झाली नाही. वयोमर्यादेचं खरं समर्थन या निष्कर्षात आहे. ही रेघ वैमानिकाची ताकद कुठे संपते हे दाखवत नाही; आपली मोजायची ताकद कुठे संपते हे दाखवते. एकदा हे मान्य केलं, की पुढचे बरेच वाद निराळे दिसू लागतात.

धोका पहिला: अचानक येणारा

वैमानिक उडता उडता कोसळला तर? विमान वाहतूक वैद्यकशास्त्रात या प्रश्नाचं उत्तर ‘एक टक्क्याच्या नियमा’ने दिलं जातं. त्याचा हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक निकामी करणारा आजार होण्याची शक्यता शंभरात एक आहे. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ढोबळ मानाने दहा हजार. म्हणून कोणत्याही एका तासात तसं घडायची शक्यता दहा लाखांत एक. विमान वर चढताना आणि उतरताना हातात फार थोडा वेळ असतो. हा नाजूक काळ उड्डाणाचा साधारण दहावा भाग धरला, तर शक्यता एक कोटीत एकावर येते. आणि त्या वेळीही शेजारी दुसरा वैमानिक असतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो विमान सावरेल असं धरलं, तर यातून जीवघेणा अपघात होण्याची शक्यता शंभर कोटी तासांत एक. इतका धोका पत्करण्याजोगा मानला जातो. म्हणून वर्षाला एक टक्क्यापर्यंत जोखीम असलेल्या माणसाला दोन वैमानिकांच्या विमानात उडू देतात, आणि म्हणूनच एकट्याने प्रवासी विमान उडवणाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आजही साठ आहे, कारण तिथे हिशेबातली शेवटची पायरीच गळते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं? जून २००९ मध्ये ब्रसेल्सहून नेवार्कला निघालेल्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ चे साठ वर्षांचे कॅप्टन अटलांटिकवर असतानाच वारले. उरलेल्या वैमानिकांनी २४७ प्रवाशांसह विमान नेहमीसारखं उतरवलं आणि काय घडलं ते बहुतेक प्रवाशांना जमिनीवर आल्यावरच समजलं. पण नेहमी असंच होतं असं नाही. जून १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडंट विमान कोसळून त्यातले सर्व ११८ जण गेले. अपघाताची कारणं अनेक होती, मात्र कॅप्टनला हृदयाचा त्रास उद्भवून त्याच्या एकाग्रतेवर आणि निर्णयांवर परिणाम झाला, असं चौकशीत निघालं. कोसळलेला माणूस चटकन दिसतो. बसल्या जागी अर्धवट हरवलेला माणूस शेजाऱ्याला लवकर कळत नाही. या कॅप्टनचं वय होतं ५१. म्हणजे साठीची मर्यादा त्याला अडवू शकली नसती. त्यानंतर अशी ‘न दिसणारी’ अकार्यक्षमता ओळखायला सहवैमानिकांना शिकवण्यावर भर आला, आणि हा उपाय कोणत्याही वयाच्या कॅप्टनला लागू पडतो.

वयाचा संबंध मुळीच नाही असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या सोळा हजारांहून अधिक व्यावसायिक वैमानिकांच्या २००४ सालच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा वर्षभरात अचानक अकार्यक्षम होण्याचं प्रमाण एकूण पाव टक्क्याच्या आसपास निघालं. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये ते चाळिशीतल्या पुरुषांच्या सुमारे पाचपट होतं. धोका वाढतो हे खरं. तो साठाव्या किंवा पासष्टाव्या वाढदिवशी एकदम उडी मारत नाही, चढणीसारखा वाढत जातो, हेही तितकंच खरं. चढणीवर रेघ कुठे मारायची हे चढण स्वतः सांगत नाही.

धोका दुसरा: हळूहळू येणारा

दुसरा धोका जास्त गुंतागुंतीचा आहे. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग, एकाच वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवण्याची क्षमता आणि नव्या माहितीवर चटकन प्रक्रिया करण्याची क्षमता मंदावते. झोपही तुटक होते, आणि रात्रीची उड्डाणं व बदलते टाइम झोन सोसणं जड जातं. याच्या उलट, वर्षानुवर्षांतून साठलेली जाण बराच काळ टिकते: कोणता ढग टाळायचा, उतरायचा प्रयत्न केव्हा सोडून द्यायचा, कोणत्या इशाऱ्याकडे आधी पाहायचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांची सिम्युलेटरवर तीन वर्षं पुन्हापुन्हा परीक्षा घेतली. सुरुवातीला वयस्करांची कामगिरी तरुणांपेक्षा थोडी कमी होती, पण त्या तीन वर्षांत त्यांची घसरण तरुणांहून कमी झाली. आणि ज्यांच्याकडे वरच्या दर्जाची पात्रता होती, त्यांची कामगिरी अधिक टिकली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात छोट्या प्रवासी आणि टॅक्सी विमानांच्या ३,३०६ वैमानिकांचा दहा वर्षं मागोवा घेतला होता. पंचेचाळिशीच्या पुढून पन्नाशीच्या शेवटाकडे जाताना त्यांच्या अपघातांचा दर वाढला नाही. उलट पाच ते दहा हजार तासांचा अनुभव असलेल्यांना, त्याहून कमी तास उडालेल्यांच्या मानाने, अपघाताचा धोका निम्म्याहून कमी होता.

हे निष्कर्ष वाचून वयोमर्यादा रद्दच करा म्हणणं सोपं आहे. पण इथे एक चकवा आहे. ज्यांची तब्येत किंवा कामगिरी घसरली, ते वैमानिक मेडिकलला अनफिट ठरून किंवा आपणहून आधीच बाहेर पडलेले असतात. पन्नाशीच्या शेवटी कॉकपिटमध्ये दिसतो तो चाळणीवर उरलेला वर्ग. त्याची कामगिरी चांगली असणारच, आणि चाळणी ढिली केली तर ती तशीच राहील याची हमी त्या आकड्यांतून मिळत नाही. शिवाय साठीपर्यंतच्या आकड्यांवरून सत्तरीबद्दल बोलता येत नाही. हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे चेस्ली सलेनबर्गर तेव्हा ५७ वर्षांचे होते. १९८९ मध्ये युनायटेडच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्यावरही ते सू सिटीपर्यंत आणणारे अल हेन्स हेही ५७ चेच. अनुभवाची किंमत सांगायला दोघांची उदाहरणं नेहमी पुढे केली जातात. ती किंमत खरी आहे, पण दोघेही साठीच्या आतले होते, आणि दोघांनाही त्या क्षणी कॉकपिटमधल्या इतरांची तोलामोलाची साथ होती.

मग प्रत्येकाची वेगळी परीक्षा का नाही?

सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. वय कशाला बघता, माणूस बघा. वैमानिकाची सिम्युलेटरवर ठरावीक काळाने परीक्षा होतेच, वर्षातून एकदा मेडिकल होते, साठीनंतर ती दर सहा महिन्यांनी होते. जो पास होईल तो उडेल, इतकं सरळ असताना वाढदिवस मध्ये आणायचं कारण काय?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. इथे नेमका उलटा पेच आहे: भाताची परीक्षा झालेली आहे, पण त्यावरून हातातलं शीत कसं आहे ते सांगता येत नाही. पासष्टीच्या हजार माणसांत पुढच्या वर्षभरात साधारण कितींना झटका येईल याचा अंदाज बांधता येतो, तो कोणाला येईल हे नाही. समजा हजारांतले दहा जण खरोखर धोक्यात आहेत आणि आपल्याकडे नव्वद टक्के अचूक चाचणी आहे. ती त्या दहांपैकी नऊ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९० निरोगी वैमानिकांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जण, विनाकारण अनफिट ठरतील. एकूण १०८ जण घरी बसतील, त्यातले खरे धोक्याचे फक्त नऊ. आणि दहावा उडतच राहील. चाचणी वाईट नाही, पण शोधायची गोष्टच विरळा असल्यामुळे खोटे इशारे खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघतात. सिम्युलेटरची अडचण वेगळी. तो माणूस आज कसा उडवतो ते उत्तम दाखवतो. परीक्षेसाठी ताजातवाना, तयारी करून आलेला माणूस पहाटे तीन वाजता, आठ तासांच्या उड्डाणानंतर कसा असेल, ते तितकं दाखवत नाही.

दुसरी बाजूही आहे. वयोमर्यादा पूर्ण काढून सगळा भार तपासणीवर टाकला, तर प्रत्येक मेडिकल ही नोकरीवरची टांगती तलवार बनते. ज्याला छातीत दुखल्यासारखं वाटतं, झोप लागत नाही किंवा मन उदास असतं, त्याला ते डॉक्टरपासून लपवायचं आणखी एक कारण मिळतं. सर्वांना सारखी असलेली तारीख निष्ठुर असली तरी ती कोणावर ठपका ठेवत नाही, आणि ती आधीपासून माहीत असते. म्हणून मर्यादा असावी, पण ती दगडावरची रेघ नसावी. चाचण्या सुधारतील, पासष्टीच्या पुढे उडणाऱ्या जपानी वैमानिकांचा अनुभव साठत जाईल, तशी ती पुराव्यानिशी हलवता यावी.

वैमानिक कमी पडतात म्हणून मर्यादा वाढवा, असंही म्हटलं जातं. हे कारण मात्र लंगडं आहे. तुटवडा हा भरतीचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न आहे. त्याने हृदयाची जोखीम बदलत नाही. त्यात व्यवहाराची अडचण अशी, की इतर देशांची मर्यादा पासष्टच असेल तर सहासष्ट वर्षांच्या कॅप्टनला त्यांच्या आकाशात प्रवेश नाही. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सर्वांत ज्येष्ठ मंडळी असतात. त्यांना देशांतर्गत मार्गांवर परत आणायचं तर खालच्या सगळ्यांचं रोस्टर आणि प्रशिक्षण विस्कटतं. अमेरिकेत सदुसष्टचा प्रस्ताव २०२३ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊनही २०२४ च्या अंतिम कायद्यातून गळला, त्याला हेही एक कारण होतं.

चौकट: मर्यादेचा प्रवास

• १९६०: अमेरिकेत साठ वर्षांची मर्यादा लागू.
• २००६: आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडून (आयकाओ) मर्यादा पासष्ट, मात्र कॅप्टन साठीच्या पुढचा असेल तर जोडीदार साठीच्या आतला हवा.
• २००७: अमेरिकेतही पासष्ट.
• २०१४: जोडीदाराच्या वयाची अट आयकाओने काढली.
• २०१५: जपानमध्ये सदुसष्टपर्यंत परवानगी.
• २०२५: विमान कंपन्यांच्या ‘आयटा’ या संघटनेचा सदुसष्टचा प्रस्ताव आयकाओच्या मॉन्ट्रियल अधिवेशनात मान्य झाला नाही.
• ही मर्यादा व्यावसायिक प्रवासी आणि मालवाहू उड्डाणांची आहे. स्वतःचं छोटं विमान हौसेने उडवायला किंवा सिम्युलेटरवर शिकवायला ती आड येत नाही.

उतरल्यानंतरचं आयुष्य

निवृत्त वैमानिक फार जगत नाहीत, अशी एक समजूत या व्यवसायात खोल रुजलेली होती. वर्षानुवर्षांचं जागरण आणि उंचीवरचं किरणोत्सर्गाचं ओझं पाहता ती कोणालाही पटण्यासारखी होती. १९९५ मध्ये एफएएच्या संशोधन संस्थेने ती तपासून पाहिली. १९६८ ते १९९३ या काळात साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या १,४९४ वैमानिकांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांचं अपेक्षित आयुर्मान त्याच वयाच्या सर्वसाधारण गोऱ्या अमेरिकी पुरुषांपेक्षा पाच वर्षांहून अधिक निघालं. यातून विमान उडवल्याने आयुष्य वाढतं असा अर्थ काढू नये. इथेही ती चाळणीच बोलते. दर वर्षी मेडिकल पास होत साठीला पोचलेला माणूस मुळातच ठणठणीत असतो. पण या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे: निवृत्त वैमानिकासमोर वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य असू शकतं, आणि तेवढ्या काळाची तरतूद लागते.

तरतुदीचा पहिला भाग पैशाचा. २००५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या पेन्शन योजना दिवाळखोरीत बुडाल्या आणि सरकारी पेन्शन विमा संस्थेकडे गेल्या. ही संस्था पासष्टीच्या आधी पेन्शन घेणाऱ्याची रक्कम मोठी कापत असे. म्हणजे एक सरकारी नियम वैमानिकाला साठाव्या वर्षी कामावरून उठवत होता आणि दुसरी सरकारी संस्था त्यालाच ‘लवकर निवृत्त झालास’ म्हणून कमी पैसे देत होती. हडसनवरच्या उतरण्याचं कौतुक सुरू असतानाच, फेब्रुवारी २००९ मध्ये, सलेनबर्गर यांनी संसदीय समितीपुढे स्वतःच्या पगारात झालेली चाळीस टक्के कपात आणि बुडालेली पेन्शन यांविषयी सांगितलं. वयोमर्यादा ठरवणाऱ्यांनी तिच्या पलीकडचा विचार केलाच नाही तर काय होतं, त्याचा हा ढळढळीत नमुना.

दुसरा भाग कामाचा. वैमानिकाचं कसब एका विशिष्ट विमानाला आणि एका लायसन्सला बांधलेलं असतं. इंजिनीअर किंवा डॉक्टर जसा सल्लागार म्हणून सहज बाहेर पडतो, तसं त्याला जमत नाही. शिवाय लायसन्स पासष्टीपर्यंत टिकेलच असंही नाही. चाळिशीत हृदयाचा किंवा कानाचा एखादा विकार निघाला तर कारकीर्द एका सकाळी थांबते. म्हणून लायसन्स गमावल्यास भरपाई देणारा विमा घेतला जातो. पण ज्यातून पर्याय उभा राहतो ते कौशल्य आधीच कमवावं लागतं. सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, सुरक्षा विभागातलं काम, अपघातांचा तपास, उड्डाणांचं नियोजन ही क्षेत्रं अशा माणसासाठी खुली असतात. हेन्स १९९१ मध्ये निवृत्त झाल्यावर आपत्तीच्या तयारीवर वर्षानुवर्षं व्याख्यानं देत फिरले. २०१० मध्ये निवृत्त झालेले सलेनबर्गर २०२२ मध्ये काही महिने आयकाओमध्ये, म्हणजे जगभरची वयोमर्यादा ठरते त्याच संस्थेत, अमेरिकेचे प्रतिनिधी होते. सगळ्यांच्या वाट्याला अशी कीर्ती येत नाही, पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे: हाताचा वेग वयाबरोबर उतरत असला तरी साठलेली जाण शिकवता येते, आणि शिकवायला अटलांटिक ओलांडावा लागत नाही.

तिसरा भाग मनाचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. तीस-पस्तीस वर्षं दर महिन्याचं आयुष्य रोस्टरने आखलेलं असतं. सण, लग्नकार्यं, मुलांच्या परीक्षा सगळं त्याच्या आजूबाजूला बसवलेलं. मित्रमंडळी त्याच वर्तुळातली, ओळखही ‘कॅप्टन’ या उपाधीची. हे सगळं एका तारखेला सुटतं. हळूहळू कमी तास उडण्याची सोय, शेवटच्या काही वर्षांत आठवड्याचे काही दिवस प्रशिक्षणात घालवण्याची सोय कंपन्यांनी दिली, तर तोडण्याऐवजी सोडणं होईल. कंपनीलाही त्यात तोटा नाही; ज्या अनुभवाने अपघात टळतात, तोच नव्या वैमानिकांपर्यंत पोचतो.

वयोमर्यादेवरचा वाद साठ, पासष्ट की सदुसष्ट या आकड्यांभोवती फिरत राहतो. पण ही मर्यादा मुळात आपल्या मोजमापाच्या अपुरेपणातून आलेली आहे. धोक्याचा एक माणूस ओळखता येत नाही म्हणून आपण अनेक सक्षम माणसांना थांबवतो, आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ते योग्यही आहे. मात्र या सुरक्षेचा लाभ विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला होतो, तर तिची किंमत एकट्या वैमानिकाने का भरावी? ज्या नियमाने तारीख ठरते, त्याच नियमात त्या तारखेशी जुळणारी पेन्शन, दुसऱ्या कामाची वाट आणि ठरावीक वर्षांनी मर्यादेची पुराव्यावर फेरतपासणी हेही लिहिलेलं असायला हवं. तेवढं झालं, तर आकडा दोन वर्षांनी इकडे-तिकडे झाल्याने कोणाचं फारसं बिघडणार नाही.